घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं मृत्युपत्र : ‘त्यांना कळतंय का?’ हे कसं ठरतं आणि कागद कसे करायचे

माझी मावशी साताऱ्याला एकटी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. एक्क्याऐंशीव्या वर्षी गॅस चालू ठेवून देवळात जाणं, दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा देणं असं सुरू झालं. न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर ‘सौम्य डिमेन्शिया’ लिहिलं. पंधरा दिवसांनी ती मला म्हणाली, “मला मृत्युपत्र करायचंय. उशीर झालाय का गं?”

उशीर झाला नव्हता. पण पुढच्या चार महिन्यांत आम्ही इतक्या चुका केल्या की त्या लिहून ठेवाव्यात असं वाटलं. मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. इथलं सगळं महाराष्ट्रातल्या, हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या घरातलं आहे. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही आणि गोव्याचा वारसा कायदाच निराळा आहे, तेव्हा त्यांनी तिथल्या वकिलाला विचारावं.

१. निदान म्हणजे निकाल नव्हे

डिमेन्शियाचा कागद हातात आला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘आता काही करता येणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘घाई करा, सही घेऊन टाका.’ दोघंही चुकतात.

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ५९ सांगतं की शाबूत मनाच्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीला मृत्युपत्र करता येतं. अंध, मूकबधिर माणसालाही करता येतं, आपण काय करतोय हे त्याला कळत असलं की झालं. एरवी मन ठिकाणावर नसलेल्या माणसालाही, मन ठिकाणावर असताना करता येतं. मात्र आजारपणाने, नशेने किंवा आणखी कशाने आपण काय करतोय हेच कळत नसेल, तर त्या अवस्थेत केलेलं मृत्युपत्र टिकत नाही. कायद्यातच एक उदाहरण दिलं आहे: माणूस अगदी थकलेला, क्षीण झालेला आहे, पण आपल्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी हे ठरवण्याइतकी समज त्याला आहे, तर त्याचं मृत्युपत्र वैध. मला हे वाक्य वाचून फार धीर आला होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सुद्धा सांगतो की केवळ आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकल मनाचा, म्हणजे मन शाबूत नसलेला, ठरत नाही. ते ठरवायला सक्षम न्यायालय लागतं. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये उपचारांच्या निर्णयाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी घरातल्या प्रत्येकाने वाचावी: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येत नाही.

मुख्य मुद्दा असा की क्षमता ही त्या-त्या कामापुरती आणि त्या-त्या वेळेपुरती बघायची असते. भाजी घेताना हिशेब चुकणाऱ्या बाईला आपलं घर कुणाला द्यायचं हे पक्कं ठाऊक असू शकतं. आणि उलटही: गप्पा अगदी छान मारणारे आजोबा शेअर्स विकण्याचा निर्णय घ्यायच्या स्थितीत नसतात.

२. चार गोष्टी तपासतात

इंग्लंडमध्ये १८७० साली बँक्स विरुद्ध गुडफेलो हा खटला झाला. त्यातली कसोटी आजही आपल्याकडचे वकील आणि डॉक्टर धरून चालतात. त्या बँक्सला एक मेलेला माणूस आपला छळ करतो असं वाटायचं, तरीही त्याचं मृत्युपत्र टिकलं, कारण त्या भ्रमाचा वाटणीशी काही संबंध नव्हता. साध्या मराठीत ती कसोटी अशी:

– मृत्युपत्र म्हणजे काय आणि ते आपण गेल्यावर लागू होतं, हे कळतं का?
– आपल्याकडे साधारण काय काय आहे, हे माहीत आहे का? (पैशापर्यंतचा हिशेब नको, ढोबळ चित्र हवं.)
– आपल्या मागे कोण कोण आहे, कुणाचा हक्क पोचतो, हे लक्षात आहे का?
– एखाद्या भ्रमामुळे कुणाला वगळलं जातंय का? उदा. ‘सून जेवणात विष घालते.’

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. डिमेन्शियात चोरीचा संशय नेहमीचा असतो. मावशीने मध्यंतरी पाटल्या धाकट्या बहिणीने नेल्या म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. त्याच आठवड्यात मृत्युपत्र केलं असतं तर धाकट्या मावशीचं नाव त्यातून गेलं असतं, आणि पुढे कोणीही त्यावर बोट ठेवलं असतं.

सापळा: ही उत्तरं माणसाकडून पाठ करून घेऊ नका. आम्ही केलं. ‘मावशी, डॉक्टर विचारतील किती खोल्या, तर दोन म्हण.’ तिने डॉक्टरांना सांगितलं, “हिने दोन म्हणायला सांगितलंय.”

३. दिवस आणि वेळ निवडा

क्षमतेच्या दाखल्यासाठी डॉक्टरांकडची आमची पहिली खेप पूर्ण फुकट गेली. दुपारी चारची वेळ, मावशी न झोपलेली, कानातल्या यंत्राची बॅटरी संपलेली, चष्मा घरी. तपासणाऱ्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत ‘स्थळकाळाचं भान नाही’ असं लिहून दिलं. तो कागद आता तिच्या फाइलमध्ये कायमचा आहे.

दुसऱ्या खेपेआधी फॅमिली डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासायला लावली. लघवीचा संसर्ग निघाला आणि सोडियमही कमी होतं. म्हाताऱ्या माणसांत एवढ्यानेही एकाएकी बरळणं, गोंधळ, दिवसा गुंगी असं होतं. त्याला डेलिरियम म्हणतात आणि उपचाराने तो बहुधा ओसरतो. नवं झोपेचं औषध, नुकतंच झालेलं ऑपरेशन, बद्धकोष्ठ यांनीही होतो. तेव्हा गोंधळ चार-आठ दिवसांत एकदम वाढला असेल तर आधी तो बरा करा. थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा बघून घ्या.

मग सकाळी साडेदहाची वेळ घेतली. अंघोळ, नाश्ता झालेला, यंत्रात नवी बॅटरी, चष्मा पुसलेला. बहुतेकांना सकाळ बरी जाते, संध्याकाळी गोंधळ वाढतो. तुमच्या माणसाची चांगली वेळ कोणती, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा.

४. दाखला कसा असावा

‘सदर व्यक्ती शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम आहे’ हा एका ओळीचा दाखला जिथे तिथे मिळतो. निबंधक कार्यालयात तो चालूनही जातो. पण दहा वर्षांनी कुणी दावा लावला तर त्या ओळीला उलटतपासणीत किती वजन राहणार?

मनोविकारतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा वृद्धांचे डॉक्टर गाठा आणि आधीच सांगा की दाखला मृत्युपत्रासाठी हवा आहे. त्यात हे असू द्या: तारीख व वेळ, तपासणी किती वेळ चालली, कोणत्या भाषेत बोलणं झालं, ऐकू-दिसण्याची स्थिती, चालू औषधं, खोलीत आणखी कोण होतं, विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं रुग्णाच्याच शब्दांत, आणि शेवटी ‘मृत्युपत्र करण्याची क्षमता आहे’ असा नेमका निष्कर्ष.

३० गुणांची स्मरणशक्तीची चाचणी होईल. तीत गुण कमी पडले म्हणून हादरू नका आणि जास्त पडले म्हणून निर्धास्तही होऊ नका. ती चाचणी स्मरण, भाषा, आकडेमोड बघते. वाटणीची समज बघत नाही. मावशीला तारीख सांगता आली नाही. वारही चुकला. मग डॉक्टरांनी विचारलं, “बाई, तुमच्याकडे काय काय आहे?” ती म्हणाली, “फ्लॅट आहे, तो माझ्या पगारातून घेतलेला. कोरेगावकडे वडिलांकडून आलेली थोडी जमीन, तिच्यात भाऊ वाटेकरी आहे. पाटल्या चार तोळ्यांच्या. आणि पोस्टातले पैसे.” फ्लॅट कुणाला, असं विचारल्यावर: “दोघी भाच्यांना. दिराच्या मुलांनी काका गेल्यावर उंबरा ओलांडला नाही. पण त्यांना कळवा हं, नाहीतर भांडतील.” डॉक्टरांनी हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. तारीख न सांगता येणाऱ्या बाईचा हा दाखला, माझ्या मते, एका ओळीच्या शंभर दाखल्यांना भारी आहे.

दिराच्या मुलांचा उल्लेख महत्त्वाचा होता. अपत्य नसलेली विधवा हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची स्वकष्टाची मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून आलेली तेवढी वडिलांच्या वारसांकडे. बऱ्याच बायकांना हे माहीतच नसतं.

दाखला सहीच्याच दिवशीचा असावा, फार तर आदल्या दिवशीचा. महिनाभर जुना असेल तर ‘मधल्या काळात काय झालं?’ हा प्रश्न येतोच.

५. ज्याला मिळणार आहे त्याने बाहेर बसावं

हे मला सगळ्यात जड गेलं. वकील मी शोधला, फी मी दिली, गाडी मी चालवली, आणि फ्लॅटचा अर्धा हिस्सा मलाच मिळणार. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या एच. वेंकटाचल अय्यंगार निकालात संशयास्पद परिस्थितीची जी उदाहरणं दिली आहेत त्यात हे बसतं: थरथरती सही, करणाऱ्याचं क्षीण मन, अनैसर्गिक वाटणी, आणि ज्याला मोठा लाभ होतो त्यानेच मृत्युपत्र करवण्यात पुढाकार घेणं. अशा वेळी न्यायालयाचा संशय फेडायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर, म्हणजे माझ्यावर.

वकील बाईंनी मला पहिल्याच भेटीत बाहेर पाठवलं. मावशीशी पाऊण तास एकटीशी बोलल्या. पुढे मसुदा वाचून दाखवताना, दाखल्याच्या वेळी, सहीच्या वेळी मी जवळपास नव्हते. गाडीची सोय शेजारच्या काकांनी केली आणि फीचा चेक मावशीने स्वतःच्या खात्यावरचा दिला.

मसुदा मराठीत घ्या. इंग्रजी वाचता न येणाऱ्या आजीच्या अंगठ्याखाली कायदेशीर इंग्रजीची चार पानं म्हणजे वाद ओढवून घेणं. काही कारणाने इंग्रजीत झालाच तर तो मराठीत समजावून सांगितल्याची नोंद, सांगणाऱ्याच्या सहीसह, खाली हवी. कुणाला वगळलं असेल तर कारण त्याच व्यक्तीच्या भाषेत दोन ओळींत येऊ द्या, शिव्याशाप नकोत.

६. सही, साक्षीदार, व्हिडिओ

कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने सही होताना बघितलेली हवी (किंवा ‘ही माझी सही’ असं त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकलेलं हवं), आणि प्रत्येकाने करणाऱ्या व्यक्तीसमोर सही केलेली हवी. पुढे न्यायालयात मृत्युपत्र शाबीत करायला किमान एका साक्षीदाराला उभं करावं लागतं. म्हणून मावशीच्या वयाच्या मैत्रिणी साक्षीदार नकोत. पन्नाशीच्या आतले, गावात टिकून राहणारे, काहीही न मिळणारे लोक हवेत. आमच्याकडे एक साक्षीदार दाखला देणाऱ्या डॉक्टर होत्या, दुसरी मावशीची जुनी विद्यार्थिनी.

हात थरथरत असेल आणि सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नसेल तर सहीबरोबर अंगठाही घ्या, प्रत्येक पानावर.

व्हिडिओ काढायचा तर पूर्ण काढा, न तोडता. आणि कॅमेऱ्यामागून ‘हो ना मावशी? फ्लॅट आम्हालाच ना?’ असं कोणी बोलत असेल तर काढूच नका.

७. नोंदणी

सक्तीची नाही, पण करावी. मृत्युपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी फी नाममात्र आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो, अंगठ्याचे ठसे होतात. माणूस घराबाहेर पडू शकत नसेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३१ खाली अधिकारी घरी येऊ शकतात. त्यासाठी गृहभेटीचा अर्ज आणि डॉक्टरांचं पत्र द्यावं लागतं. करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल इतर कुणाला मिळत नाही, त्यामुळे ‘नोंदवलं की सगळ्यांना कळेल’ ही भीती सोडा.

फक्त एक लक्षात ठेवा: निबंधक क्षमतेची सखोल तपासणी करत नाहीत. नोंदणी झाली म्हणून संशय आपोआप फिटत नाही.

८. हयातीतले निर्णय: कुलमुखत्यारपत्राचा मोठा गैरसमज

मृत्युपत्र मेल्यानंतरचं. त्याआधीच्या पाच-दहा वर्षांचं काय? इथे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, ‘कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून घ्या, मिटलं.’ मिटत नाही. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही ते करून ठेवलं, नेमकं त्याच दिवशी ते कागदाचा तुकडा होतं. इंग्लंडसारख्या देशांत क्षमता गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही. परदेशात राहणारी मुलं इथेच फसतात, तिकडचा अनुभव इकडे गृहीत धरतात.

भान असेपर्यंत करता येण्याजोगं:

– बँक खातं संयुक्त करणं, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा सूचनेसह. हे सोयीसाठी आहे, मालकीसाठी नाही, हे एका कागदावर लिहून ठेवा.
– मोठी मिळकत असेल तर खासगी विश्वस्त निधीबद्दल (ट्रस्टबद्दल) वकिलाशी बोलणं.
– मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणं. साध्या कागदावर, सही-अंगठ्याने होतं. हा प्रतिनिधी मानसिक आजाराच्या उपचारांपुरता, पैशांसाठी नाही.
– अखेरच्या उपचारांबद्दल आगाऊ वैद्यकीय निर्देश. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. आपल्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं त्यात लिहितात.

घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यायचा आग्रह होत असेल तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात हवेतच. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करून मागता येतो.

आणि एटीएम कार्ड. सगळेच आईचं कार्ड आणि पिन वापरतात, मीही वापरलं. निदान वही ठेवा: तारीख, रक्कम, कशासाठी, पावती. पुढे भावंडांत ठिणगी पडते ती इथूनच.

हात चालत नाही पण डोकं चालतं, अशा खातेदाराला बँक तसंच परत पाठवू शकत नाही. अंगठा किंवा पायाचा अंगठा, दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अशी रिझर्व्ह बँकेची पद्धत ठरलेली आहे. काउंटरवर ‘होत नाही’ म्हणाले तर शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या.

९. उशीर झाला असेल तर

माणूस कोमात आहे, किंवा डिमेन्शिया पुढे गेलाय आणि काहीच करून ठेवलेलं नाही. जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमता यायचा. २०१७ च्या कायद्यात ते प्रकरणच नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याचं पालकत्व ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी अशांसाठी आहे, डिमेन्शियासाठी नाही. त्यामुळे लोक उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, पालक नेमण्याचा अर्ज करतात. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमलेले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांसाठी सविस्तर पद्धत घालून दिली: न्यूरॉलॉजिस्टसह वैद्यकीय मंडळाची तपासणी, महसूल अधिकाऱ्याची घरी भेट, दर सहा महिन्यांनी हिशेब.

अर्जात सगळ्या वारसांची नावं आणि त्यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, मिळकतीची पूर्ण यादी, पैसे कशासाठी लागतात त्याची बिलं, आणि आजाराचे सगळे कागद लागतात. एखादा वारस लपवला तर तिथेच प्रकरण अडकतं. आणि कोणताही पालक दुसऱ्याच्या वतीने मृत्युपत्र करू शकत नाही. मुखत्यारही नाही.

कागदांची यादी

आधार, पॅन, दोन फोटो (करणाऱ्याचे), साक्षीदारांचे ओळखपत्र, मिळकतीचे दस्त, सात-बारा, सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), बँक-पोस्टाची यादी, आजाराच्या फाइलची पूर्ण प्रत, नको असलेल्या कागदांसकट, औषधांची चिठ्ठी, त्याच दिवशीचा दाखला, वारसांची यादी, वगळलेल्यांसह. कानाच्या यंत्राच्या जादा बॅटऱ्या याच यादीत लिहून ठेवा.

नको असलेले कागद काढून टाकू नका. आमच्या पहिल्या डॉक्टरांचा तो ‘भान नाही’वाला कागद वकील बाईंनी मुद्दाम फाइलमध्ये ठेवायला लावला आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दाखल्यात लिहिलं की त्या वेळी संसर्ग होता आणि यंत्र बंद होतं. लपवला असता तर तो पुढे समोरच्या बाजूने बाहेर काढला असता.

१०. बदल करायचा असेल तर

भान असेपर्यंत मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं. पण पुरवणी केली तरी सगळं पहिल्यापासून: नवा दाखला, पुन्हा दोन साक्षीदार. सव्वा वर्षाने मावशी म्हणाली की तिला सांभाळणाऱ्या बाईंना पन्नास हजार ठेवायचेत. त्याच डॉक्टरांकडे, त्याच सकाळच्या वेळी नेलं. या वेळी फ्लॅटबद्दल विचारल्यावर ती कोरेगावच्या वाड्याबद्दल बोलत राहिली, जो तिच्या लहानपणीच पडला. डॉक्टरांनी दाखला दिला नाही आणि पुरवणी झाली नाही. बाईंचे पैसे आम्ही दोघी भाच्या आमच्या हिश्शातून देणार आहोत; तसं आम्ही दोघींनी एका कागदावर लिहून सह्या केल्यात आणि त्याची एक प्रत बाईंकडे दिली आहे.